काटेसाहेबांची तपासणी

वजनमापं, काटे आणि त्यांवरचे सरकारी शिक्के तपासणारे निरीक्षक म्हणून काटेसाहेबांनी तीस वर्षं दुकानदारांना घाम फोडला. हे नावही त्यांना बाजारानंच ठेवलेलं. आता न्यूमोनियानं बेजार होऊन स्वारी अतिदक्षता विभागात पडली होती. घशात श्वासाची नळी, आणि ती उपटू नये म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधलेले.

ते बांधलेले हात त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, बघवत नव्हते. पण डॉक्टरीणबाईंपुढे कुणाची मात्रा चालेना. त्यांचं नवं संशोधन चालू होतं: गुंगीचं औषध कमी करायचं, घरचं माणूस जवळ बसवायचं आणि रोज सोपे प्रश्न विचारून पेशंट भानावर आहे का ते ठरवायचं. पास झाला की हात मोकळे आणि नळी काढायची तयारी. काटेसाहेब सलग तीन दिवस नापास होते.

चौथ्या दिवशी काकू पदर खोचूनच आल्या.

"काका, समुद्रात मासे असतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "हो असेल तर मान वरखाली हलवा, नाही असेल तर आडवी."

काटेसाहेबांनी भुवया चढवल्या. मान ढिम्म.

"एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का?"

आता त्यांनी डोळेच वटारले. डॉक्टरीणबाईंनी फुली मारली.

"थांबा हो!" काकू उसळल्या. "हा माणूस जन्मात सरळ हो किंवा नाही म्हणालेला नाही. चहा हवा का विचारलं, तर आधी घड्याळ बघतो. लग्नाला होकार दिला तोही टपालानं, वर तीन अटी!"

"काकू, माझ्या कागदावर बरोबर आणि चूक एवढेच रकाने आहेत."

"मग कागद चुकलाय. एक हात सोडा त्यांचा. नळीकडे गेला तर मीच बांधते."

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला आणि उजव्या हाताचा पट्टा सोडला. काकूंनी बोटांत पेन दिलं, हाताखाली कोरा कागद सरकवला, मनगट मात्र घट्ट धरलं. वेडीवाकडी अक्षरं उमटली: 'काटा कोणता? शिक्का कधीचा?'

नर्स फिसकन हसली. डॉक्टरीणबाईंनी फुली खोडली आणि असल्या उत्तराला रकाना नसल्यामुळे समासात बरोबरची खूण केली.

"भानावर आहेत," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच. उद्या नळी काढायचं बघू."

काकूंचा जीव भांड्यात पडला. तीन दिवस अडवून धरलेलं रडू आता आलं. डोळे पुसता पुसता त्यांनी विचारलं, "अहो, घरी यायचंय ना?"

विचारलं खरं, आणि सवयीनं त्या अटी ऐकायच्या तयारीला लागल्या. पेन कागदावर टेकलं, थोडं थांबलं. मग काटेसाहेबांनी लिहिलं, 'हो.'

काकूंनी कागद उलटून पाहिला. मागं काहीच नव्हतं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"डॉक्टर," काकू घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या, "परत तपासा हो यांना!"