स्कूटरचं दावं

सकाळी आठ वाजता मी अंगणात माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरला लाथा घालत होते. तिला किक नसते हे मला कळतं हो, पण दोन दिवस घरात कोंडलेल्या बाईने राग काढायचा कुणावर?

चार्जिंग पूर्ण होतं. स्टँड वर होता. सीटखालचा विजेचा खटका चार वेळा खाली-वर करून झाला. समोर आकडे झक्क दिसत होते, पण मूठ पिळली की बाई ढिम्म! मेकॅनिक फोनवर म्हणाला, "ताई, आठ दिवस तरी येणं जमणार नाही." आणि नर्सरीचा मालक काल म्हणाला होता, "उद्या नऊपर्यंत आलात तर ठीक, नाहीतर तुमच्या जागी दुसरी बाई बसवतो." कलमं बांधायचा मोसम महिनाभराचा, त्याचंही खोटं नव्हतं. नर्सरी अकरा किलोमीटरवर. चालत जायची वेळ कधीच टळून गेली होती.

"बरं झालं, गाडीलाच अक्कल आली," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "आता राहा घरात."

"घर काय पळून जातंय का, आत्याबाई?"

"तू पळतेस ना रोज!"

आमचे हे ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. बाकी मी, या दोन खोल्या आणि एक खिडकी. नर्सरीत तिथल्या बायकांशी चार शब्द बोलायला मिळायचे, तेही गेलं तर मला वेड लागेल, असं खरंच वाटत होतं.

तेवढ्यात मामंजी चहा संपवून आले. म्हैस विकल्यापासून म्हाताऱ्याचे हात रिकामे. रिकामा खुंटा बघवत नाही म्हणून रोज संध्याकाळी माझी स्कूटर खुंट्याला बांधतात. ब्रेक ओढून धरायचा, त्यावरून दावं करकचून आवळायचं आणि खुंट्याला अशी गाठ मारायची की त्यांच्याशिवाय कुणाला सुटू नये. सकाळी त्यांचा चहा होईपर्यंत मी डबा हातात धरून उभी! गाडी बंद पडल्यापासून मात्र दावं नुसतं खुंट्याला लोंबत होतं.

"अजून नाही हलत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अगं, मग तो मागचा लाल दिवा तरी बंद कर," सासूबाई कुरकुरल्या. "भरदिवसा कशाला जाळतेस?"

मी मागे गेले. ब्रेकला कुणाचा हात नाही आणि ब्रेकचा दिवा लख्ख पेटलेला! म्हणजे गाडीला वाटत होतं, ब्रेक दाबलेलाच आहे. मग ती चाक फिरू देईल कशाला?

मी धावत पुढे आले. ब्रेकची दांडी अंगठ्याने बाहेर ढकलली. दिवा विझला. सोडली, पेटला. दांडीच्या मुळाशी एक बारीक बटण होतं. रोज रात्रभर ताण बसून दांडी वाकली होती, त्या बटणाला टेकतच नव्हती.

"मामंजी, हे तुमच्या दाव्याने झालंय."

"माझ्या?" ते दाव्याकडे बघत राहिले. "ब्रेक न लावता बांधली तर पळेल ना ती."

"ती म्हैस नाही हो!" मी ओरडले. मग त्यांचं तोंड बघून मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायला वेळ नव्हता.

पिशवीत कलमं बांधायची प्लास्टिकची पट्टी होती. दांडी जिथे बटणाला टेकायला हवी तिथे तिचे दोन घट्ट फेरे दिले. दिवा विझला. ब्रेक ओढला, पेटला. सोडला, विझला. मूठ पिळली तशी गाडी अशी उसळली की मी कुंपणात जाता जाता वाचले. सासूबाई "अगं बाई गं!" म्हणाल्या ते फाटकाबाहेर ऐकू आलं.

नऊला पाच मिनिटं कमी असताना मी नर्सरीत माझ्या पाटावर बसले.

संध्याकाळी परतले तर मामंजी दावं हातात घेऊन खुंट्याशी उभे. मला रागवायचं होतं, पण त्राण नव्हतं. हा म्हातारा बांधल्याशिवाय राहणार नाही, आणि मी या घराबाहेर राहायला जाणार नाही.

"ब्रेकला नाही," मी म्हणाले. "मागच्या दांड्याला. आणि आणा इकडे, मी बांधते."

दिवसभरात दोनशे कलमं बांधणारी माझी बोटं. झरकन गाठ पडली. मामंजींनी ती ओढली, उलटीसुलटी करून बघितली, नखाने उकलून बघितली.

"सुटत नाही गं," ते म्हणाले.

"सकाळी सुटेल," मी म्हणाले. "तुमचा चहा व्हायच्या आधी."