नानांच्या मांडीवरचा डाग

हाडांचा फोटो काढायला कुणी केंटे, ते समारंभाचं भरजरी वस्त्र, नेसून जातं का? नाना आग्येकुम गेले. गावचे मानकरी ना! कुमासी शहरातल्या त्या इस्पितळात कण्हत बसलेल्या पेशंटांमधून ते असे चालले, की जणू सगळे त्यांच्याच दरबाराला जमलेत. मागून त्यांची बायको सेरवा, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. हा थाट बघून बघून तिला वीट आला होता.

नानांना प्रोस्टेटचा कॅन्सर. तो हाडांत पोचला नसेल तरच ऑपरेशन होणार होतं. सकाळी दंडात मेड्रोनेट या किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. ते औषध हाडांना जाऊन चिकटतं, रोग असेल तिथे जास्त साठून फोटोत काळं दिसतं, उरलेलं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून भरपूर पाणी प्या आणि फोटोआधी लघवी करून या, असं डॉक्टर तावियाबाईंनी बजावलं होतं.

फोटोत डाव्या मांडीवर काळाकुट्ट डाग उमटला. सेरवाला वाटलं, रोग हाडांत पोचला.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "नाना, लघवी करताना वस्त्रावर थेंब सांडले का? तेही असेच दिसतात. वस्त्र काढून इस्पितळाचा झगा घाला, मांडी धुवा, परत फोटो काढू."

"थेंब?" नाना कडाडले. "मी काय तान्हं पोर आहे? डाग आहे म्हणजे रोग आहे. लिहून टाका!"

"मग ऑपरेशन नाही होणार, नाना."

"नको होऊ दे!"

काय हा माणूस! मरण चालेल, पण मुतलो म्हणायचं नाही. मयताच्या घरी एका म्हाताऱ्याचं वस्त्र ओलं झालं, तेव्हा हाच खदाखदा हसला होता. मरू दे मेल्याला, असं क्षणभर सेरवाच्या मनात आलंसुद्धा.

"डॉक्टरबाई, माझंच चुकलं," ती म्हणाली. "लघवीचं भांडं मी धरलं होतं, हातातून हिंदकळलं."

"बघा!" नानांना चेव आला. "पहिल्यापासून धांदरट! आणा तो झगा इकडे."

दुसऱ्या फोटोत मांडी स्वच्छ होती. सगळीच हाडं स्वच्छ. सेरवा भिंतीला टेकून रडली.

बाहेर इस्पितळाच्या आखूड झग्यात बसून नाना सगळ्या बाकांना ऐकवत होते, "या बाईच्या वेंधळेपणापायी आज जीव जायचा होता माझा!" लोक फिदीफिदी हसले.

सेरवाने डोळे पुसले, ओल्या केंटेची पिशवी नानांच्या हातात कोंबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "धरा. ज्यानं भिजवलं, त्यानंच धुवायचं."