घोंगडीत गुंडाळलेली बाटली

अगं, मधे बोलू नको, नुसतं ऐक! नजमा माहीतै ना तुला, जालना रोडवरच्या लॅबमधली? कमरोद्दीनचाचांची पोरगी. चाचा गेल्यापास्नं घरात एकटी, आन् लॅबमधी बी दुपारभर एकटीच. डबा मशीनसमोर उघडायचा. मशीन घरघरतं, तेवढीच सोबत.

तर एक दिवस करमाडकडनं एक बाई आली, बानाबाई. मेंढरांमागं फिरून पार रापलेली. काखेत घोंगडीचं गाठोडं. उलगडता उलगडता आतून निघालं काय, तर बाटली! तिच्या नवऱ्याच्या, मुंजाबाच्या, फुफ्फुसाभोवती पाणी भरलं व्हतं. डॉक्टरनं ते सुईनं काढून तपासायला धाडलेलं.

"ह्यातनं काय कळतं गं पोरी?"

"मावशी, रोगाशी भांडणाऱ्या पेशी असतात अंगात. टीबी असला की त्या चवताळतात, आन् त्यांचं एक एन्झाइम ह्या पाण्यात वाढतं. आकडा चाळीसच्या वर गेला तर बहुतेक टीबी. खालीच राहिला तर…"

"तर कॅन्सर?"

"तशी शंका येते. मग आणखी तपासण्या."

बानाबाईनं हात जोडले, ते बी मशीनला! "टीबीच निघू दे रे देवा. टीबीला गोळ्या तरी हायेत."

आकडा आला नऊ.

आता सांगायचं कसं? तेवढ्यात नजमाची नजर घोंगडीवर गेली. "मावशी, पाणी काढलं कधी?"

"परवा."

"आन् बर्फ? डॉक्टर बर्फात ठिवा म्हणले नाय?"

"म्हणले ना. पर त्यांच्याच अंगातलं पाणी, गारठलं तर? नवं कोकरू आम्ही असंच घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठिवतो. हे बी तसंच ठिवलं. एकदा बी थंड होऊ दिलं नाय!"

कौतुकानं सांगत व्हती गं!

आता त्या उबेत एन्झाइमच मेलं असंल, तर नऊला अर्थ काय? टीबी बी असंल, कॅन्सर बी असंल. नजमानं आकडा लिहिलाच नाय. "पाणी पुन्हा काढावं लागंल, मावशी. ह्या वेळी बर्फात."

बानाबाई घोंगडी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. "ते न्हाय घेणार पुन्हा सुई. म्हणले, आता टोचली तर मेंढरं घेऊन डोंगरात जाईन, परत येणार न्हाय." मग हळूच, "तूच लिही की. टीबी."

"असं कसं लिहू, मावशी?"

"व्हय. तू कशी लिहिशील," म्हणली, आन् घोंगडी खुर्चीवर तशीच टाकून गेली.

आठ दिवस झाले, दुसरी बाटली आलीच नाय. नजमा डबा खाताना त्या घोंगडीशीच बोलायला लागली, आईशप्पथ! शेवटी तिनं फॉर्मवरचा नंबर लावला. फोन उचलला मुंजाबानं. शब्दाशब्दाला धाप.

"ती मेंढरांमागं गेली. एकटाच हाय मी. तुम्ही लॅबवाल्या बाई ना? लई उपकार झाले बघा. टीबी निघाला म्हणून सांगितलं तिनं. त्या दिवसापास्नं चार घास जातायत. गोळ्या घ्यायला कधी येऊ?"

समोर मशीन घरघरतंय, खुर्चीवर घोंगडी, आन् कानात म्हातारा विचारतोय, "बाई? हाय ना तुम्ही?"

खरं सांग, तिच्या जागी तू असतीस, तर काय म्हणली असतीस?