हॉटेलच्या सूपमध्ये असतं तरी काय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकला कुठलंही मशीन उघडून आत डोकावल्याशिवाय चैन पडत नसे. स्वतःच्या जेवणाचा विचार मात्र त्याने कधी केला नव्हता. बायकोची दुसऱ्या शहरात बदली झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, तो वर्कशॉपसमोरच्या हॉटेलात जेवत होता.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत नर्सने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि डॉक्टरबाईंना हाक मारली.

"बाहेर किती वेळा जेवता?" बाईंनी विचारलं.

"दोन वेळा. नाश्ता धरला तर तीन. पण अगदी साधं हो! भाज्यांचं सूप, भात, एखादं अंडं. तळलेलं नाही, गोड नाही."

"आणि सूपमध्ये मीठ किती असतं?"

"ते आचाऱ्यालाच ठाऊक," तो म्हणाला. बाईंनी गोळी लिहून दिली आणि ब्लडप्रेशर खाली येईपर्यंत उंचावरचं काम बंद केलं. "एखाद्या जेवणाने काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्षानुवर्षं जास्त मीठ पोटात गेलं की रक्तवाहिन्यांवर ताण येतो. तो कळतही नाही."

वर्कशॉपमध्ये बसून लिफ्टचे ब्रेक साफ करत राहणं त्याच्या जिवावर आलं. त्यात बाईंचा तो प्रश्न डोक्यातून जाईना.

शनिवारी बायको घरी आली, तर याने सूपचं पार्सल तिच्यापुढे ठेवलं. "हुबेहूब असंच घरी करायचं. मला बघायचंय."

"मग कर की! मी चव सांगते."

दोघं ओट्याशी उभे राहिले. गाजर, बटाटा, कांदा शिजला. तिने एक घोट घरचा घेतला, एक हॉटेलचा.

"हे नुसतं पाणी लागतंय," ती म्हणाली. त्याने मीठ टाकलं.

"अजून पाणीच." त्याने अजून टाकलं, वर लोण्याचा तुकडा. मग आणखी एक. चिमूट सोडून त्याने चमचाच हातात घेतला तेव्हा तिचे डोळे विस्फारले. दोन्ही वाट्या सारख्या लागेपर्यंत मिठाच्या बरणीत चांगला खड्डा पडला होता.

"एवढं? मी तुझ्या ताटात एवढं मीठ टाकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस."

"पण खारट लागत नाही गं! लोण्यात लपून बसतं. गंमतच आहे."

सोमवारी त्याने ही गंमत हॉटेलच्या मालकांना सांगितली. मालक रागावले नाहीत. "मीठ कमी पडलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं," ते म्हणाले. "थोडं जास्त झालं तर कोणी चकार शब्द काढत नाही. मग आचाऱ्याचा हात सैल होतच जातो." त्यांनी आत ओरडून कमी मिठाची एक वाटी वेगळी काढायला सांगितली.

सुरुवातीला ते सूप घशाखाली उतरेना. हळूहळू जीभ सरावली. गाजर गोड असतं, हे त्याला नव्यानेच कळलं. रात्री तो घरी भात लावू लागला. कधी तो करपायचा, कधी गिचका व्हायचा. दोनेक महिन्यांनी आकडा उतरला आणि बाईंनी कामाला परवानगी दिली.

"म्हणजे सगळा दोष सूपचाच ना?" त्याने उत्सुकतेने विचारलं.

"एकट्या सूपला धरू नका. गोळी चालू आहे, तुम्ही चालायला लागलात, वजनही उतरलंय. कशाने किती फरक पडला, ते मलाही सांगता यायचं नाही."

त्याला हे काही रुचलं नाही. लिफ्ट बंद पडली की बिघाड कुठेतरी बोट ठेवून दाखवता येतो.

हॉटेलचे मालक मात्र त्याच्याकडून हे ऐकून विचारात पडले. "मी तर वीस वर्षं इथलंच खातोय. मलाही घेऊन चला त्या बाईंकडे."

दोघं गेले. मालकांचं प्रेशर एकदम व्यवस्थित निघालं.

"असं कसं?" मेकॅनिक खट्टू झाला. "तेच हॉटेल, तोच आचारी!"

बाईंना हसू आलं. "प्रत्येकाचं शरीर वेगळं. पण आज नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असं समजू नका. अधूनमधून दाखवून जा."

जिना उतरताना मालक मध्येच थांबले. "खरं सांगू? सूप मी कधी पीतच नाही. दिवसभर त्या वासानेच पोट भरतं."

"मग खाता काय?"

मालक बोटांवर मोजू लागले. "अरेच्चा," ते म्हणाले. "आठवतच नाही. येता-जाता काहीतरी तोंडात टाकत असतो."

"सकाळपासून सांगा," मेकॅनिक म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला.