वाढत्या अंगाची पँट

शिंपी हट्टी माणूस. माप चुकलं असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पुन्हा दुकानाची पायरी चढू देत नसे.

परमुलखातल्या लढाईत त्याचा एकुलता एक मुलगा गेला. शवपेटी बंदच आली, उघडायची नाही असा हुकूम होता. बापाला चेहराही दिसला नाही. आता मुलाच्या शाळेला काचेच्या कपाटात त्याचा लष्करी गणवेश ठेवायचा होता. शिंपी म्हणाला, तो मीच शिवणार. पोराचं शेवटचं माप तरी बरोबर असू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. मापांच्या वहीत त्याच्या पँटची लांबी होती एकोणचाळीस इंच.

पायाची दुमड घालायला बायकोने पँट मांडीवर घेतली आणि तिचा हात थबकला.

"अहो, आत दोन इंच कापड जास्त सोडलंय तुम्ही."

पोरं वाढतात म्हणून तो तरण्या पोरांच्या पँटमध्ये तेवढं कापड आत दुमडून ठेवायचाच. हाताच्या सवयीने घात केला होता. तो कात्री घेऊन आला.

"थांबा," ती म्हणाली. "पँट आखूड होते असं पत्रात लिहिलं होतं त्यानं. तुम्ही कळवलंत, धुऊन आटली असेल, माझं माप चुकत नाही."

पलटणीकडून आलेली त्याची ट्रंक पंधरा दिवस कोपऱ्यात तशीच होती. उघडायचा धीर दोघांनाही झाला नव्हता. आज तिने उघडली. घरून नेलेली तपकिरी पँट वरच होती. पायाची दुमड उसवलेली, दोन्ही इंच बाहेर काढलेले आणि काळ्या जाड दोऱ्याने शिवलेले. टाके कोंबडी चालल्यासारखे. पोराला सुई धरायची अक्कल नाही, म्हणून बाप त्याला मशीनजवळ फिरकू देत नसे.

शिंप्याने टेप लावली. एकेचाळीस भरली. मग ती पँट त्याने स्वतःच्या कमरेला धरली. तिचे पाय जमिनीवर लोळत होते.

"माझ्यापेक्षा उंच झाला होता गं," तो म्हणाला.

गणवेशाच्या पँटचं आतलं कापड त्याने सगळं बाहेर सोडलं. जुना आकडा खोडायला वही उघडली, पण हात चालेना. शेवटी तिनेच पेन्सिल घेतली आणि एकेचाळीस लिहिलं.