साहेबांची दुसरी हनुवटी

"पेंटर, खाली उतरा. कुणाचं थोबाड काढलंय हे?"

मी थिएटरसमोर बांबूच्या परांचीवर पिक्चरच्या बोर्डाची शेवटची दोरी आवळत होतो. खाली केरबा मोटारसायकलवरून न उतरताच ओरडत होता, मागे आणखी चार गाड्या. केरबा म्हणजे पिराजीदादांचा माणूस, आणि पिराजीदादा म्हणजे आमच्या भागाचे साहेब. पतसंस्था त्यांची, शाळा त्यांची, तालीम त्यांची. साहेबांनी स्वतः कधी आवाज चढवला नाही. त्यासाठी केरबा ठेवला होता.

"पिक्चरमधला व्हिलन हाय," मी वरूनच म्हणालो. "परदेशातला मंत्री."

"परदेशातला व्हय? मग खाली येऊन बगा की जरा."

उतरलो. रस्ता ओलांडून पानपट्टीपाशी गेलो आणि वर पाहिलं. टाय आणि निळे डोळे सोडले तर थिएटरवर आमचे साहेब बसले होते.

आता हे कसं झालं ते सांगतो, कारण पुढं लोकांनी वाटेल ते उठवलं. वीस फुटांचा बोर्ड कुणी एकसंध रंगवत नाही. कसबा बावड्यातल्या माझ्या अंगणात तेवढी जागाही नाही. चौकटी आखायच्या, तुकडे वेगवेगळे रंगवायचे. डोळे सोमवारी, तोंड बुधवारी. गुरुवारी थिएटरवर तुकडे जोडले की चेहरा पहिल्यांदा दिसतो. रंगवणाऱ्यालासुद्धा तो रस्त्यापलीकडूनच दिसतो, परांचीवर नाक लावून नाही.

त्यात हा उडणाऱ्या माणसाचा पिक्चर, हिंदीत डब केलेला. दोन हजार चार सालची गोष्ट. आधी असल्या पिक्चरचं काम सोपं असायचं. राक्षस हिरवा करायचा, दात बाहेर काढायचे, झालं. पण आता नवं खूळ निघालं होतं. हिरो एका हातानं आगगाडी उचलतो आणि त्याच्यासमोर दुश्मन कोण, तर सुटाबुटातला मंत्री. थिएटरचे मॅनेजर उमरभाई यांनी मला सगळी गोष्ट सांगितली होती.

"त्यो मंत्री सगळ्यांचं फोन चोरून ऐकतोय बगा. लोकांना लढाईचं भ्या घालतोय आणि सगळा कारभार आपल्या हातात घेतोय. प्रत्येकाची फाईल हाय त्याच्याकडं. हिरोची बी हाय."

"हिरो उडतोय न्हवं? मग उचलून आपटायचा की त्याला."

"कसा आपटंल? लोकांनी निवडून दिलेला हाय."

मला त्यात काही नवल वाटलं नाही. एवढं समजायला तिकीट कशाला काढायला पाहिजे?

फोटो आला तो टपालाच्या तिकिटाएवढा. मंत्री अंधारात उभा, तोंड अर्धं वळलेलं. त्याच्यावरून आठ फुटांचं तोंड करायचं म्हटल्यावर उरलेलं हातानं आपल्या मनानं भरलं. आणि माझ्या हाताला पुढारी म्हणून एकच माणूस ठाऊक. अकरा वर्षं मी साहेबांच्या वाढदिवसाचे बोर्ड रंगवत होतो. दरवर्षी केरबा येऊन सांगायचा, "जरा तरुण करा." मी दुसरी हनुवटी पुसायचो. डोळ्यांखालच्या पिशव्या पुसायचो, टकलावर केस लावायचो. खलनायकाला तरुण करा म्हणून सांगायला कुणी आलं नव्हतं. मग अकरा वर्षं पुसलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम करण्याएवढी छाती असती तर अकरा वर्षं हनुवट्या पुसत बसलो असतो का मी?

तोवर गर्दी जमली होती. कॉलेजची पोरं खिदळत होती. एकानं विचारलंच, "साहेब पिक्चरमधी कवा गेले ओ?" केरबाचे कान लाल झाले.

उमरभाई घामाघूम होऊन बाहेर आले. "अण्णासो, दाढी लावा की त्याला. पाच मिनटाचं काम."

मी तयार होतो. खोटं कशाला बोलू? ब्रश हातात घेतलासुद्धा.

"दाढी-बिढी न्हाय," केरबा म्हणाला. "समदं तोंड पांढरं करायचं. हितं, पब्लिकसमोर. मग साहेबांच्या पाया पडायला यायचं." आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "सुष्मिताबाईंची फाईल साहेबांच्या टेबलावर हाय. म्हाईत हाय न्हवं?"

सुष्मिता माझी मुलगी. साहेबांच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर शिकवायची, तीन वर्षं, तात्पुरती. कायम व्हायला एक सही पाहिजे होती. पोरगी सकाळी साडेसहाला घर सोडायची, मुलांच्या वह्या घरी आणून तपासायची, आणि पगार मागायला गेली की कारकून तिला बाकावर बसवून ठेवायचा. त्या सहीची फाईल हा हलकट मला चेहऱ्याच्या बदल्यात दाखवत होता. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. पांढऱ्या रंगाचा डबा उचलला आणि शिडी चढलो. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि पाय मात्र गुमान पायऱ्या चढत होते.

ब्रश बुडवला तेवढ्यात खालून आवाज आला. "अप्पा, थांबा."

सुष्मिता. शाळा दोन गल्ल्या पलीकडं, मधली सुट्टी झालेली. मुलांनीच जाऊन तिला सांगितलं असणार. खांद्याला पिशवी, बोटं खडूनं पांढरी.

"बाई, तुमी मधी पडू नका," केरबा म्हणाला. "तुमचंच भलं चाललंय."

"तीन वर्सं फाईल टेबलावर हाय, केरबादादा. तवा अप्पांनी काय वंगाळ काढलं होतं?"

तिनं मान वर केली. "अप्पा, तुमी पुसू नका. पायजे तर त्यांनी पुसावं."

"पोरी, नोकरी जाईल की गं."

"जाऊ दे. दरसाल जूनमधी नोकरी हाय का न्हाय म्हणून तेंच्या दारात उभं ऱ्हायचं. मला कटाळा आलाय, अप्पा. आणि तुमी तेंच्या पाया पडलेलं मला बगवणार न्हाय."

मला माझीच लाज वाटली. चोवीस वर्षांची पोर भर रस्त्यात जे बोलली, ते मी अकरा वर्षांत बंद दाराआडही बोललो नव्हतो.

पांढऱ्या डब्याचं झाकण लावलं. रस्त्यापलीकडून बघताना मघाशी मला कामातली एक चूक दिसली होती. हनुवटीखाली सावली कमी पडली होती. बारीक ब्रश घेतला, तपकिरीत काळा मिसळला आणि ती सावली सावकाश पुरी केली. दुसरी हनुवटी आता पानपट्टीपासून नीट दिसत असणार, कारण खाली कुणीतरी शिट्टी मारली.

"उतर खाली," केरबा म्हणाला. मी उतरलो.

त्याची पोरं वर चढली आणि चेहऱ्याच्या तुकड्यांच्या दोऱ्या कापल्या. बोर्ड खाली आला. एकानं फाडायला पाय उचलला तसा केरबा त्याच्यावर खेकसला, "पाय लावू नगंस! साहेब हायत!" म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला. गर्दीतून हसण्याची लाट आली. मग चौघांनी ते तुकडे धूळ लागू न देता उचलले, टेम्पोत उताणे ठेवले, आणि केरबानं गळ्यातला टॉवेल काढून तोंडावर पांघरला. वाढदिवस उलटला की माझे बोर्ड लोकांच्या गोठ्यांवर पडलेले मी बघितलेत. एवढ्या मानानं माझं काम कधी कुणी नेलं नव्हतं.

शुक्रवारी पिक्चर लागला. बोर्डावर हिरो मूठ उगारून मोकळ्या बांबूंवर झेपावत होता. उमरभाईंनी मला नवं तोंड काढायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सोमवारी सुष्मिता साडेसहाला शाळेत गेली आणि आठ वाजता परत आली. मी अंगणात होतो. तिनं पिशवीतून भरलेला डबा काढून चुलीपाशी ठेवला. माझ्या बायकोनं, बसव्वानं, तिच्याकडं एकदा बघितलं. मग डबा उघडला, भाकरीचे तीन भाग केले आणि आम्हा दोघांना हाक मारली.