नकार द्यायला शिकलेला प्रोग्राम

सफाक्स शहराच्या वीज नियंत्रण कक्षात हयातचा प्रोग्राम आज पहिल्यांदाच खऱ्या तारांवर चालत होता. एक जरी स्विच वेळेत पडला नाही, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात आणि त्याच्या जागी विकत घेतलेलं परदेशी यंत्र दारात, असं संचालकसाहेबांनी, सी मोख्तार यांनी सकाळीच बजावलं होतं.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. कक्षातल्या संगणकाकडे येणाऱ्या प्रत्येक कामाला मुदत असते; आधी कुठलं करायचं, ते प्रोग्रामने ठरवायचं. हयातने सुरुवातीला साधा न्याय लावला होता: ज्याची मुदत जवळ, तो पुढे. पण गर्दी झाली की सगळा विचका. संगणक शेवटच्या घटका मोजणाऱ्या कामामागे धावायचं, तेही जायचं आणि तोवर पुढचंही हातचं गेलेलं असायचं. दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही घरची सवय तिने प्रोग्रामलाही लावून ठेवली होती. गेल्या आठवड्यात तिने मन घट्ट केलं. जे वेळेत होणारच नाही, ते आत घ्यायचंच नाही.

"पाहुण्याला हाकलतेस? आईने हेच शिकवलं का गं?" शेजारच्या टेबलावरून वयस्कर रफीका म्हणाली, जिला सगळे आदराने लल्ला म्हणत.

"कुसकुस संपल्यावर जेवायला बसवण्यापेक्षा बरं, लल्ला."

दुपारी दोनला, ऑगस्टच्या काहिलीत, एक मुख्य तार बंद पडली. कामांचा नुसता लोंढा आला. पडदा लाल झाला: नाकारलं, नाकारलं, नाकारलं. हयातला भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती.

"माझा तक्ता कुठाय?" सी मोख्तार फोन कानाला लावून आले. पलीकडे मंत्रालय होतं, त्यांना वीजवापराचा तक्ता हवा होता. तो काढायचं कामही प्रोग्रामने नाकारलं होतं. "हाताने आत घे त्याला. ताबडतोब."

एक बटण दाबायचा अवकाश होता. हयातने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

वीज दुसऱ्या तारांवर वळवणारे स्विच एकेक करत पडत गेले. शेवटचाही पडला. शहर चालूच राहिलं.

"त्या शेवटच्या स्विचला किती वेळ उरला होता?" सी मोख्तार यांनी विचारलं.

"एका सेकंदाचा पाचवा हिस्सा."

"आणि माझ्या तक्त्याला किती लागला असता?"

"दोन सेकंद, सी मोख्तार."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. मग फोनमध्ये म्हणाले, "साहेब, तक्ता नाही मिळणार. सफाक्समध्ये वीज आहे, तेवढीच बातमी. आणि त्या परदेशी यंत्रवाल्यांना कळवा, आमच्याकडे आमची पोरगी आहे."

लल्ला रफीकाने तोंडापुढे हात धरून, लग्नात घालतात तशी आनंदाची लांबलचक आरोळी, लूलू, घातली आणि हयातला रडूच फुटलं.